तेरा वर्षांची सावकाशी

निखिल मंगळवारी दुपारी अडीच वाजता गेला. ऐरोलीच्या पुलाअलीकडे गाडी दुभाजकावर आदळली. गाडीत तो एकटा होता. गाडी त्याच्या मावशीच्या नावावर होती.

ती मावशी म्हणजे परबवहिनी. मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार माझ्या दारासमोर होतं. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो. लग्न केलेलं नाही. गाडीही घेतलेली नाही. वहिनी गाड्यांचा विमा उतरवून देण्याचं काम करत. मी राहायला आलो त्या आठवड्यातच त्यांनी दारात उभं राहून विचारलं होतं, "भावजी, गाडी घ्यायचा विचार आहे?"

"नाही."

"पुढेमागे?"

"नाही हो. मला चालवताच येत नाही."

"मलाही नाही येत," त्या म्हणाल्या. "म्हणजे बरं झालं. या अख्ख्या बिल्डिंगीत तुम्ही एकटे, ज्यांना मला काही विकायचं नाही. आता निवांत चहाला येता येईल."

आणि त्या येत राहिल्या. साडेपाचला, कामावरून परतताना, आपल्या घरी जायच्या आधी.

वहिनी अंगाने बारीक होत्या. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट घालत, कारण दिवसभर लोकांच्या पार्किंगमधून हिंडायचं असे. खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात फॉर्म, एक फडकं, विजेरी, शाळेतल्या मुलांची असते तशी पेन्सिल आणि पातळ कागदाच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या. प्रत्येक गाडीच्या सांगाड्यावर एक नंबर ठोकलेला असतो, अक्षरं आणि आकडे मिळून सतरा. त्याला चेसिस नंबर म्हणतात. पूर्वी विमा उतरवताना त्या नंबरावर कागद धरून वरून पेन्सिल घासत आणि ठसा घेऊन फॉर्मला जोडत. आता फोनवर फोटो काढला की भागतं. वहिनी फोटो काढत आणि ठसाही घेत. कंपनीला तो नको असे, म्हणून स्वतःजवळ ठेवत.

"फोटो कुणीही कुणाचाही पाठवतो," त्या म्हणत. "ठसा घ्यायचा तर गाडीपाशी जाऊन गुडघे टेकावे लागतात."

तरुण मुलगा पहिली गाडी घेऊन आला की त्यांची एक पद्धत होती. कागदपत्रं नंतर. आधी म्हणायचं, "मला जरा मार्केटपर्यंत सोड रे." मागच्या सीटवर बसायचं. वाटेत अवाक्षर बोलायचं नाही. उतरताना निकाल द्यायचा. कुणाला "चालव बाबा, तुला गाडी कळते," कुणाला "दोन वर्षं छोटी चालव, मग ही घे." एकदा त्या अर्ध्या वाटेतच उतरल्या आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन चालत परत आल्या. माझ्याकडे चहा पिताना त्या मुलाला काय सांगितलं ते त्यांनी करून दाखवलं. रागावल्या की त्यांची मालवणी बाहेर येई. वडील कुडाळकडचे, परळच्या गिरणीत होते. घरात तीच बोली.

"म्हटलं, मेल्या, खंय जातलंस एवढ्या घाईत? पुढे सिग्नल आसा. तो खंय पळान जाता काय?"

"मग तो काय म्हणाला?"

"म्हणाला, आंटी, एसी वाढवू का?"

गाडीच्या विम्यातलं मला जे काही कळतं ते त्यांच्याकडूनच. गाडी जितकी ताकदीची आणि महाग, तितका हप्ता जास्त. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्या मुलाला सूट काहीच नसते, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी येतं. सूट मिळते ती न मागितल्याबद्दल. वर्षभर कंपनीकडे भरपाई मागितली नाही की पुढच्या वर्षी हप्ता थोडा उतरतो. असं करत पाच वर्षांत सूट निम्म्या हप्त्याइतकी होते आणि तिथे थांबते. याला नो क्लेम बोनस म्हणतात. हा बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. गाडी विकली तरी तो माणसाबरोबर पुढच्या गाडीवर जातो.

हे माहीत झालं की बाप लोकांना एक युक्ती सुचते. घाटकोपरचे एक सावंत मुलाला घेऊन आले होते. वहिनींच्या घरी रंगकाम चालू होतं म्हणून त्यांनी त्या दोघांना माझ्याच बैठकीत बसवलं. मी आतल्या खोलीत वाचत होतो, म्हणजे पुस्तक उघडं धरून ऐकत होतो. मुलाला टर्बो इंजिनची गाडी हवी होती. हप्त्याचा आकडा ऐकून सावंत म्हणाले, "एवढा? गेल्या वर्षी माझ्या साडूच्या मुलाने घेतली तेव्हा कमी होता."

"दर वर्षी वाढतोय. अशा गाड्यांचे पार्ट महाग, आणि ठोकतातही याच वयाचे."

"मग असं करू ना. गाडी माझ्या नावावर घेतो. माझा बोनस आहे पन्नास टक्के. चालवेल हाच."

"नको."

"कायद्यात बसत नाही का?"

"बसतं. पण जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी पाहिजे. मालक चालवताना गेला तर त्याच्या घरच्यांना अपघाताचे पैसे मिळतात. मुलगा मालक नसेल तर त्याच्या पाठी काही नाही."

"अहो, शुभ बोला की!"

"मी विमा विकते, सावंत. शुभ बोलणारे पुढच्या गल्लीत बसतात." मग त्या म्हणाल्या, "आणि तुमचा बोनस तुमच्या पायाने कमावलाय. ब्रेकवरच्या. याचा पाय निराळा आहे."

सावंत उठून गेले. त्यांनी कुठेतरी ऑनलाइन हवं तसं करून घेतलं असणार. वहिनी कप उचलताना म्हणाल्या, "गेलं गिऱ्हाईक. तुमचा चहा फुकट गेला, भावजी."

वहिनींचे यजमान अरविंद परब यांच्याइतकं सावकाश गाडी चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. त्यांच्याकडे एक छोटी पांढरी गाडी होती. हायवेवर ते चाळीसच्या पुढे जात नसत. मागचे लोक हॉर्न वाजवत, बाजूने जाताना काच खाली करून काहीबाही बोलत. परब त्यांना हात करून वाट देत. वहिनी शेजारी मांडीवर पिशवी घेऊन बसत. मी दोनतीनदा त्यांच्याबरोबर बोरिवलीला वहिनींच्या बहिणीकडे, सुनंदाताईंकडे गेलो आहे. तेवढ्या वेळात माझं एक दीर्घ प्रकरण वाचून होई.

एकदा कुणीतरी पार्किंगमध्ये दार घासून गेलं. परबांनी कंपनीकडे एक शब्द काढला नाही. गल्लीतल्या डेंटरकडून स्वतःच्या खर्चाने दार करून घेतलं. रंग जरा पिवळट जुळला. वहिनी चिडवत, "अहो, तुमची सूट पाचव्या वर्षीच पुरी झाली. पुढची आठ वर्षं तुम्ही फुकटच सावकाश चालवताय."

"असू दे. बोनस तुटायला नको," ते म्हणत.

गाडी घेतल्याला तेरा वर्षं झाली तेव्हा ते वारले, गाडीत नाही, घरी, वर्तमानपत्र वाचताना. नवरा गेला आणि गाडी बायकोच्या नावावर झाली की बोनसही तिला मिळतो. वहिनींनी गाडी आपल्या नावावर करून घेतली, मग विकली आणि कंपनीकडून बोनसचं पत्र मागून घेतलं. ते त्यांनी कपाटात परबांच्या चष्म्याच्या घराखाली ठेवलं. मला एकदा दाखवलं होतं. एक पान, खाली शिक्का. तीन वर्षांच्या आत दुसरी गाडी घेतली नाही तर हे पत्र बाद होतं.

"तुम्हाला गाडी घ्यायची आहे?" मी विचारलं.

"मी काय करू गाडी?" त्या म्हणाल्या. "पण यांचं म्हणून एवढंच उरलंय, जे अजून कुठेतरी चालतं."

निखिल हा सुनंदाताईंचा एकुलता एक मुलगा. वहिनींना मूल नव्हतं. तो गोरेगावला एका कंपनीत कामाला लागला होता, तेवीस वर्षांचा होता, आणि परब गेल्यापासून दर रविवारी न चुकता मावशीकडे जेवायला येई. घरात शिरायच्या आधी माझी बेल वाजवे. "काका, चला, मावशीने तिसरं पान मांडलंय." तो आला की त्या घराचा आवाज बदलत असे. बोलता बोलता तो वहिनींच्या ताटातला बांगडा आपल्या ताटात ओढून घेई आणि त्या ओरडत, पण ताट त्याच्या बाजूला सरकवूनच ओरडत.

त्याला टर्बो हवी होती.

"मावशी, हप्ता बघितलास? त्याच्यात एक सेकंडहँड बाइक येते यार!"

"मग बाइक नको आणि गाडीही नको. बस आहे."

"बस झकास आहे गं. पण शून्यापासून शंभरवर किती सेकंदांत जाते?"

"स्टॉपवर तू धावत येताना दिसलास की लगेच जाते."

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. आम्ही तिघंही हसलो. मला तो रविवार आठवतो, कारण जेवणानंतर वहिनी उठून कपाटापाशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या. पत्राची मुदत संपायला पाच आठवडे उरले होते.

गाडी वहिनींच्या नावावर घेतली गेली. पैसे निखिलच्या वडिलांनी घातले, निवृत्तीनंतर मिळालेले. परबांच्या बोनसवर हप्ता बराच उतरला. फॉर्म वहिनींनी स्वतःच भरला. मालकाच्या अपघात विम्याचा रकाना त्यांनी रिकामा सोडला; मालकाला लायसनच नव्हतं, तेव्हा तो विमा मिळणारच नव्हता. निखिलचा अपघात विमा त्या वेगळा काढणार होत्या. त्यासाठी त्याचा एक फोटो आणि एक कागद हवा होता. "फोटो पाठव रे," त्यांनी तीनदा कळवलं. तिन्ही वेळा त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला.

त्यांनी त्याला मार्केटपर्यंत सोडायला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "घरच्या पोराची काय परीक्षा घ्यायची?" एवढं बोलून त्या चहात साखर ढवळत राहिल्या. त्या बिनसाखरेचा चहा घेत. तो कप माझा होता.

काही महिन्यांनी, असंच जेवताना, निखिल म्हणाला की त्याने भांडुपला एकाकडून इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून घेतलाय. गाडी आता आणखी पळते.

वहिनींचा घास थांबला. "हे कंपनीला कळवावं लागतं."

"कळवलं तर हप्ता वाढेल ना?"

"वाढेल."

"मग रिन्युअलला कळवू. प्लीज ना, मावशी. नुसतं सॉफ्टवेअर आहे, वरून काही दिसत पण नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी आमटी वाढून घेतली.

"रिन्युअलला नक्की," वहिनी म्हणाल्या.

रिन्युअलला सात आठवडे होते तेव्हा तो मंगळवार आला.

तेराव्यानंतर कंपनीचा सर्व्हेअर आला. गाडीचं नुकसान तपासून अहवाल देणारा माणूस. कुलकर्णी नाव, वहिनींना वीस वर्षं ओळखणारे. वहिनींनी मला बोलावून घेतलं होतं. कुलकर्णींनी चहा घेतला नाही. म्हणाले, "बाई, गाडी पूर्ण गेलीय. इंजिनमध्ये बदल केलेला सापडलाय. एक प्रश्न आहे फॉर्मवर. हा बदल मालकाला ठाऊक होता का?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "मुलाने परस्पर केलेलं असतं. मालकाला कळत नाही. अशा वेळी कंपनी पुष्कळदा समजून घेते. तुम्ही नीट आठवा. मी खाली फोन करून येतो."

ते मुद्दाम खाली गेले. वहिनी फॉर्मकडे बघत बसल्या. माझ्यासमोर निखिलने तो बदल सांगितला तो रविवार होता. विम्याचे पैसे मिळाले असते तर निखिलच्या वडिलांची निवृत्तीची पुंजी परत आली असती. सुनंदाताईंचं घर त्यावर चालायचं होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी कुणाला काही सांगणार नाही."

"ते माहीत आहे मला. निखिल नाही. तुम्ही बोलणार नाही. म्हणजे जन्मभर ते मला एकटीलाच माहीत राहणार." त्यांनी पेन उचललं. "एकटीने धरून ठेवायला माझ्याकडे आधीच पुष्कळ आहे, भावजी."

त्यांनी 'होय' लिहिलं. खाली सही केली. कुलकर्णी वर आले, फॉर्म वाचला, घडी घातली आणि चपला घालताना बराच वेळ घेतला.

दावा नामंजूर झाला. पत्र आलं त्याच संध्याकाळी सुनंदाताई बोरिवलीहून आल्या. दार उघडंच होतं. त्यांचा आवाज चढला नाही. मला तरीही सगळं ऐकू आलं.

"बाहेरच्यांपाशी तुला खरं बोलता येतं, ताई. मग घरात एकदा नाही म्हणायला काय झालं होतं?"

वहिनींनी पाण्याचा पेला समोर ठेवल्याचा आवाज आला.

"सगळ्या जगाला सांगतेस ना, जो चालवणार त्याच्याच नावावर गाडी. माझं पोर जगात नव्हतं का?"

सुनंदाताई पाणीही न पिता गेल्या. त्यानंतर दोघी बहिणींचं बोलणं झालं नाही. वहिनी दर रविवारी फोन लावत. पूर्ण रिंग वाजू देत. मग फोन पालथा ठेवून पान मांडायला उठत. पानं दोनच असत, एक त्यांचं, एक माझं.

पुढच्या सहा महिन्यांत त्यांनी एक काम केलं. आपल्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांच्या गाड्या बापाच्या नावावर होत्या आणि मुलगे चालवत होते, त्यांच्या घरी त्या एकेक करून गेल्या. या त्यांनी स्वतः काढून दिलेल्या पॉलिसी नव्हत्या. लोकांनी मागाहून केलेले बदल होते, काही तर दुसरीकडून घेतलेले विमे. बॅगेत बूट घालून, पायात चप्पल, कारण आता घराच्या आत जायचं असे. सोफ्यावर बसून निखिलचं नाव घेऊन सगळं सांगायच्या, फोटोचे तीन निरोपही. एकांनी त्यांना अर्ध्यात थांबवून सांगितलं की घरात मंगलकार्य आहे. वहिनी उठल्या. दुसऱ्या महिन्यात परत गेल्या. घाटकोपरच्या सावंतांकडेही गेल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "त्यांच्या मुलाने मला स्टेशनपर्यंत सोडलं. बरा चालवतो. उगाच नावं ठेवली होती."

ते झाल्यावर त्यांनी एजन्सी सोडली.

त्यानंतर एका सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. पायात कॅनव्हासचे बूट होते. "भावजी, सुट्टी आहे ना? माझ्याबरोबर याल?"

गाडी कळव्याला एका भंगारवाल्याच्या आवारात उभी होती. दुसऱ्या दिवशी तोडायला घेणार होते. वहिनींना मालक म्हणून सही करायची होती. सही झाल्यावर तिथल्या माणसाला त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं दे." गाडीचा पुढचा भाग नव्हताच म्हणायला हवं. ड्रायव्हरशेजारच्या सीटकडचं दार मात्र उघडलं. त्या सीटच्या पायाशी, गालिच्याच्या खाली, चेसिस नंबर असतो. वहिनींनी फडक्याने जागा पुसली, पिशवीतून पट्टी काढली, गुडघे टेकले.

मी विजेरी धरली. त्या पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने घासत होत्या. एकेक अक्षर पांढरं उमटत होतं. घाई नव्हती. आवारात कुठेतरी पत्रा कापण्याचा आवाज चालू होता, तो त्यांना ऐकू येत नसावा. शेवटच्या दोन आकड्यांपाशी पत्रा दुमडला होता. तिथे त्यांनी पुन्हा पुन्हा घासून पाहिलं. मग त्या तशाच बसून राहिल्या, एक हात सीटवर ठेवून. याच बाजूला बसून त्या तेरा वर्षं परबांबरोबर हिंडल्या होत्या, दुसऱ्या गाडीत.

"मी एकदाही बसले नाही हो याच्या गाडीत," त्या म्हणाल्या. "मार्केटपर्यंतसुद्धा."

उठताना त्यांनी माझा हात धरला. बाहेर रिक्षात पट्टी माझ्याकडे दिली. "तुमच्याकडे पुस्तकं असतात. खूण घालायला होईल."

त्या पुढच्या थंडीत वारल्या. सकाळी दूधवाल्याने माझी बेल वाजवली, कारण समोरचं दार उघडत नव्हतं.

घर रिकामं करायला सुनंदाताई आल्या. दोन दिवस एकट्याच आवरत होत्या. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो. त्या कपाटासमोर जमिनीवर बसल्या होत्या, मांडीवर चष्म्याचं घर होतं. मी पट्टी पुढे केली. काय आहे, कुठली आहे, ते सांगितलं. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन बघितली. आकड्यांवरून बोट फिरवलं. मग परत आणून दिली.

"दर रविवारी रिंग वाजायची," त्या म्हणाल्या. "मी समोरच बसलेली असायचे." आणि थोड्या वेळाने, "तुम्हीच ठेवा."

फ्लॅट विकला गेला. तिथे आता एक तरुण जोडपं राहतं. त्यांच्या पार्किंगमध्ये लाल रंगाची नवी गाडी आहे. साडेपाचला मी चहा करतो, एक कप. पट्टी माझ्याकडे आहे. तिच्यावर सतराऐवजी पंधराच अक्षरं उमटली आहेत.